थोरलीच्या मागच्या म्हशी

एकदा का थोरलीचं इंजिन तापलं, की ती जोतिबाच्या डोंगरावरच काय, थेट कैलासावर जाऊन उभी राहील, असं हंबीरराव साळोख्यांनी गडमुडशिंगीच्या पारावर जाहीर केलं, तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच हसू आवरलं नाही. थोरलीचं इंजिन तापतं, एवढा भाग सोडला तर बाकी सगळ्याविषयी गावाला शंका होती.

थोरली म्हणजे हंबीररावांची बस. जन्मभर एस.टी. चालवून निवृत्त झालेल्या या माणसानं कुठल्याशा कॉलेजनं मोडीत काढलेली बस घरी आणली, आतली बाकडी उपटली आणि तिचं चालतं घर केलं. मागं खाट, मध्ये शेगडी, सामानाच्या फळीवर लोणच्याच्या बरण्या आणि कंडक्टरच्या जागी देव्हारा. घंटीची दोरी तेवढी होती तशी राहू दिली. सकाळच्या कोवळ्या उन्हात थोरली परड्यात उभी असली, की नदीकाठी डोळे मिटून बसलेल्या वृद्ध हत्तिणीसारखी दिसे, आणि हंबीरराव चहाचा कप हातात घेऊन नुसते तिच्याकडे बघत बसत.

हत्तिणीची सेवा मात्र सोपी नव्हती. रेडिएटर गळे, म्हणून त्यात हळद टाकावी लागे. मग चढावर वाफेबरोबर पिठल्याचा वास सुटे आणि वाटसरू आशेनं वळून बघत. गिअर निसटू नये म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबचा फास होता. स्टार्टर तर केव्हाच स्वर्गवासी झाला होता. थोरली सपाटीवर बंद पडली की अर्धी गल्ली ढकलायला येई, आणि ढकलून झाल्यावर चहाला थांबे. चहा करून करून हंबीररावांच्या पत्नी तानाबाई मेटाकुटीला आल्या होत्या.

अखेर त्यांनी अट घातली. दिवाळीच्या आधीच्या रविवारी थोरलीनं जोतिबा गाठायचा, वाटेत कुणी धक्का द्यायचा नाही. गाठला तर ती राहील. नाही तर सोमवारी भंगारवाला येईल. साक्षीला तानाबाईंचे बंधू गणपतराव बसले, आणि निःपक्षपाती साक्षीदाराला शोभेल अशा दूरदृष्टीनं त्यांनी भंगारवाल्याशी बोलूनही ठेवलं.

डोंगराच्या पायथ्याच्या केर्लीपर्यंत थोरली एखाद्या पतिव्रतेसारखी वागली. ओढ्याच्या पुलावर मात्र खालून काहीतरी खणकन पडलं आणि तिच्या पोटातून असा आवाज फुटला, की शेजारच्या उसातले बगळे एकदम आभाळात गेले. सायलेन्सर निखळला होता.

एरवी एवढ्यावरच भागलं असतं; पण हे कोल्हापूर. इथं दिवाळीच्या पाडव्याला गवळी म्हशी सजवून पळवतात. धनी मोटारसायकलचा सायलेन्सर काढून पुढं सुटतो आणि म्हशी त्या गर्जनेमागं धावतात. त्याची तालीम महिना महिना आधी सुरू होते. अमरसिंह गवळ्याच्या अशाच तालमीतल्या म्हशी ओढ्यात डुंबत होत्या. त्यांनी कान टवकारले, आणि चिखलासकट त्या रस्त्यावर आल्या.

"दाजी, मागं म्हशी लागल्यात," गणपतराव म्हणाले.

"लागू द्यात, पावणं. रस्ता सरकारी हाय."

घाट सुरू झाला तरी म्हशी हटेनात. पाठोपाठ फटफटी उडवत खुद्द अमरसिंह खिडकीशी आला.

"मामा, माझ्या म्हशी कुठं न्यायलाय?"

"मी कशाला न्हेतोय? त्या आपखुशीनं येत्यात."

"गाडी थांबवा म्हणतोय न्हवं."

"थांबली तर परत उठायची न्हाय, बाबा. वर ये, निवांत बोलू."

अमरसिंहानं इरेला पेटून आपली फटफटी जमेल तेवढी गरजवली. म्हशींनी तिच्याकडे एकवार पाहिलं आणि माना पुन्हा थोरलीकडे वळवल्या. मुरलेल्या गवयाची तान ऐकल्यावर वरातीच्या बँडकडे कोण बघतो?

शेवटच्या उभ्या वळणावर थोरलीला धाप लागली. पिठल्याचा वास घाटभर पसरला. वेग इतका उतरला, की कपाळावर पांढरा ठिपका असलेली म्होरकी म्हैस सावकाश बाजूनं पुढं निघून गेली, वळणावर थांबली आणि मागं वळून वाट पाहू लागली.

"दाजी, म्हस फुडं गेली," भंगारवाल्याला लावायला खिशातला मोबाइल काढत गणपतराव म्हणाले. "आता तरी थांबवा. शोभा हुतीया."

हंबीररावांचा पाय क्षणभर खरोखरच सैलावला. म्हाताऱ्या जिवाला इतकं पळवण्याचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांच्या मनात आलं, आणि धुरकटलेल्या काचेपलीकडचा डोंगर अधिकच दूर वाटू लागला.

तानाबाई मघापासून मागच्या काचेतून पाहत होत्या. तोंडाला फेस आलेल्या त्या म्हशी थोरलीवर डोळे खिळवून चढत होत्या, जशी माणसं कळसाकडे बघत चढतात. तानाबाई उठल्या. त्यांनी घंटीची दोरी धरली आणि दोनदा ओढली.

डबल बेल. जन्मभर तिच्यावर चाललेला पाय आपोआप दाबला गेला.

"दादा," तानाबाई म्हणाल्या, "मुकी जनावरं एवढा जीव टाकून हिच्या मागं यायल्यात, आनि तू फोन काढतोस व्हय? ठेव खिशात."

थोरली वर पोचली. म्हशी आधी पोचल्या, पण अटीत म्हशींविषयी काही नव्हतं. भांडायला आलेल्या अमरसिंहानं बसभोवती एक फेरी मारली, इंजिनाला कान लावला, आणि ही गाडी इकणार का, असं हळूच विचारलं. गणपतरावांचा चेहरा उजळला.

"इकायची न्हाय," तानाबाई म्हणाल्या. "पाडव्याला फुडं घालायला पायजे तर मागून न्हे. पर तिचा आवाज कमी करायचा न्हाय."

हंबीररावांना भरून आलं. दाखवायला नको म्हणून ते उगाच टायर पाहू लागले.

परतीला म्हशी धन्याच्या फटफटीमागं जाईनात, तेव्हा त्यांना पोचवायला थोरलीला केर्लीच्या गोठ्यापर्यंत जावं लागलं. तिथं, सपाटीवर, ती बंद पडली. ढकलायला सगळा गवळीवाडा तयार होता. पण म्हशींनी तिच्याभोवती कडं करून बसकण मारली होती, आणि त्या काही केल्या उठेनात. थोरलीचा तिथंच मुक्काम पडला.

तिघं कोल्हापूरला येऊन गडमुडशिंगीच्या बसमध्ये बसले. बस नवीकोरी होती, लोण्यासारखी सुटली. हंबीरराव विजयी मुद्रेनं खिडकीबाहेर पाहत होते. तानाबाईंनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं, आणि काळजीनं नवऱ्याला कोपरानं ढोसलं.

"अवो, हिचा आवाजच ईना की. बंद पडलीया वाटतं. उतरा, जरा धक्का द्या."