'रुग्णाचं ऐका': एका यशस्वी ब्लॉगची हकीकत

डॉक्टरांचा सर्वाधिक वेळ रुग्णांपायी वाया जातो, हे आता सर्वमान्य आहे. एका रुग्णाला सांगितलेलं एकालाच कळतं (तेही अर्धंच). तेच ब्लॉगवर लिहिलं की हजारोंना कळतं, आणि कुणी तोंडावर खोकत नाही.

हे आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना पटलं आणि त्यांनी 'रुग्णाचं ऐका' हा ब्लॉग काढला. खाली दवाखाना, वर घर, त्यामुळे जागेची अडचण नव्हती. वेळेची होती. ती त्यांनी तपासणीच्या खोलीला आतून कडी लावून सोडवली. बाहेर कंपाउंडरबाईंनी पाटी टांगली: 'डॉक्टर लिहीत आहेत. शांतता राखा.' बाकावरचे रुग्णही समजूतदार, कण्हायचं झालंच तर रस्त्यावर जाऊन कण्हत. वाचक दुप्पट झाले, तक्रारी शून्यावर आल्या (तक्रार करायला आत जावं लागे).

'जिना चढताना दम लागतो? अंगावर काढू नका!' हा लेख तर लोकांनी डोक्यावर घेतला. त्याखाली 'जुना वाचक' या नावाने कुणीतरी विचारलं, 'दम लागतो, डावा हात दुखतो. काय करू?'

असा जागरूक वाचक मिळायला भाग्य लागतं. डॉक्टरांनी तिथल्या तिथे उत्तर दिलं, 'लक्षणं गंभीर आहेत. आत्ताच्या आत्ता जवळच्या डॉक्टरांना गाठा.'

वाचक आज्ञाधारक निघाला. वरच्या मजल्यावरून कठड्याला धरून उतरला आणि बाकावर येऊन टेकला. ते डॉक्टरांचे वडील होते.

"अगंबाई, बाबा! घामाने भिजलात की! दार वाजवू का?" कंपाउंडरबाई उठल्याच.

"नको, नको. लिहितोय तो. लिंक तुटेल त्याची."

आणि त्यांनी फोनवर टाइप केलं, 'जवळच्या डॉक्टरांकडे आलोय. ते कामात आहेत.'

आत डॉक्टरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. 'रुग्ण बाहेर ताटकळतोय आणि यांना काम सुचतंय? लाज कशी वाटत नाही! तडकाफडकी डॉक्टर बदला.'

बाबांनी तेही ऐकलं. कंपाउंडरबाईंच्या खांद्याला धरून ते समोरच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंचा ब्लॉग नव्हता, त्यामुळे त्यांनी छाती तपासली आणि बाबांना स्वतःच्या गाडीतून मोठ्या इस्पितळात नेलं. थोडक्यात निभावलं. जाताना गाडीतून शेवटची कमेंट आली: 'सल्ला मानला. आभारी आहे. तुझे बाबा.'

डॉक्टर कडी काढून धावत सुटले. इस्पितळात बाबांचा हात धरून ते हमसून हमसून रडले, अगदी मनापासून. बाबा काहीतरी सांगू बघत होते, पण तेवढ्यात डॉक्टरांना पहिलं वाक्य सुचलं.

'बाबांनी मला ऐकायला शिकवलं' हा लेख तुफान गाजला. तुम्हीही तो वाचून गहिवरलात, चार नातेवाइकांना धाडलात. मधेच आतल्या खोलीतून आई हाक मारत होती. 'थांब गं, वाचू दे!' असं ओरडून तुम्ही तिला गप्प केलंत.

ती अजून गप्पच आहे.