आहेरकाकांचा पंचेचाळीस मिलिमीटरचा प्राणी

आमच्या इंदिरानगरातले आहेरकाका भाजी आणायला व्हर्नियर घेऊन जातात. व्हर्नियर म्हणजे कारखान्यात जाडी मोजायचं पोलादी माप. चांदवडचा म्हणून दिलेला कांदा ते त्याच्या जबड्यात धरतात, चष्मा कपाळावर सरकवून आकडा वाचतात आणि म्हणतात, "रिजेक्ट." भाजीवाल्या मावशींनी एकदा विचारलं, "काका, कांदा खायचाय का मशीनला बसवायचाय?" काकांनी दुसरा कांदा उचलला.

सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं त्यांनी तयार माल तपासला. निवृत्तीनंतर ते जगच तपासायला लागले. गॅसवाला, डॉक्टर, हवामान खातं, कुणावरही भरवसा नाही. मी बुवाबाजीविरुद्ध पत्रकं वाटतो म्हणून मला ते 'नेते' म्हणतात. माझ्या पत्रकाचा डावा समास दोन मिलिमीटर जास्त आहे, हेही त्यांनीच काढलं.

मी हे कौतुकाने लिहायला घेतलं नव्हतं, स्पष्ट सांगतो. मला या गृहस्थांचा दाट संशय होता, आणि संशयाचं कारण होतं समुद्रातला एक प्राणी.

काकांची एकुलती मुलगी ज्योती. इंजिनियरिंग सोडून गोव्याला गेली आणि पर्यटकांना पाठीवर सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी न्यायला लागली. "बुडवायचा पगार घेते," असं काका म्हणाले आणि तीन वर्षं बाप-लेकीत एक शब्द नाही. निवृत्त झाल्यावर काका गोव्याला गेले ते भेटायला नव्हे, तिचं सामान तपासायला. नळ्या ओढून पाहिल्या, हवेच्या दाबाचा काटा ठोकून पाहिला. ती वैतागून म्हणाली, मग खाली येऊनच तपासा. काका खरंच उतरले. तोंडात नळी, त्यामुळे भांडता येईना. तिने त्यांचा हात धरला होता.

तिथे खडकावर त्यांना तो दिसला. निळा, बिनकवचाचा, पुढे दोन शिंगं, मागे फुलासारखा तुरा, लांबी पंचेचाळीस मिलिमीटर. ज्योतीने म्हणे पाहिला नाही, ती काट्यावर नजर ठेवून होती. तेव्हापासून दर रविवारी दहा वाजता तिचा फोन येतो. विषय एकच, प्राणी सापडला का. दुसरं काही बोलायला गेले की दोघं पुन्हा भांडतात, हे काकूंनी मला सांगितलं होतं.

दोन वर्षं हा शोध चालला. कॉलेजातल्या प्राध्यापकांनी नाव सुचवलं, रिजेक्ट. कुणी इंटरनेटवरून चित्र आणलं, रिजेक्ट. कारण ठरलेलं: "आकार जुळतो, माप जुळत नाही." इकडे कॉलनीत लोक त्या प्राण्याबद्दल हलक्या आवाजात बोलायला लागले. एका बाईंनी तो शुभ असतो का, असं विचारलं. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या कुणालाच न दिसलेली, फक्त एकालाच दिसलेली वस्तू. बाबांचे मठ असेच उभे राहतात. आणि जी बाई रोज समुद्रात उतरते, तिला याचं नाव माहीत नाही? मी ठरवलं, हे प्रकरण उघडं पाडायचं.

वाचनालयात समुद्री जीवांचं जाडजूड पुस्तक मिळालं. त्यात तो होता. कवच नसलेली समुद्री गोगलगाय, शिंगांसह, तुऱ्यासह. लांबी चौतीस मिलिमीटरपर्यंत. त्याच पुस्तकात पुढे होतं, की पाण्याखाली काचेच्या मुखवट्यातून वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. मी हिशेब केला. चौतीसचे पंचेचाळीस.

रविवारी झेरॉक्स घेऊन गेलो. काकांनी चित्र पाहिलं. फार वेळ पाहिलं. मग म्हणाले, "रिजेक्ट. चौतीस आहे हा."

मी पाणी, काच, एक तृतीयांश, सगळं सुनावलं. म्हटलं, दोन वर्षं तुम्ही लोकांना फसवताय.

काका चिडले नाहीत. आतल्या खोलीकडे बघून, काकूंना ऐकू जाऊ नये असं, त्यांच्या सटाण्याकडच्या बोलीत म्हणाले, "माले माहीत शे." मग म्हणाले, "नेते, तीस वर्षं मापं घेतली मी. काचेतून घेतलेलं माप खरं नसतं, हे मला कळणार नाही? गोव्याहून आलो त्याच आठवड्यात नाव सापडलं होतं. पण सापडलं म्हटल्यावर ती फोन कशाला करेल?"

मी झेरॉक्सची घडी घालायला लागलो.

फोन वाजला. काकांनी घाईने उचलला. "नाही गं, अजून नाही. हा आमचा नेता आलाय कागद घेऊन. थांब, त्यालाच विचार." आणि रिसीव्हर माझ्या हातात दिला. माझ्याकडे बघत उभे राहिले, हात मागे बांधून.

मी सत्य सांगत हिंडणारा माणूस. म्हणालो, "माप जुळत नाही, ताई."

पलीकडून ती हळूच म्हणाली, "चौतीसवाला कागद असेल. तो घरी घेऊन जा, दादा. मी त्यांच्या शेजारीच होते तेव्हा. पाहिलाय मी तो."

काकांनी खुणेने विचारलं, काय म्हणते?

"म्हणतात, रंग नीट आठवून ठेवा," मी सांगितलं. "पुढच्या रविवारी विचारणार आहेत."