नववा फर्मा

बाइंडरकाकांच्या तोंडात गेले आठ महिने एकही दात नव्हता आणि त्यांच्या टेबलावर दाताच्या डॉक्टरांचं पुस्तक होतं. दोघांमध्ये सौदा साधा होता. काकांनी पुस्तक बांधायचं, डॉक्टरांनी कवळी बसवायची. मंगळवारी सकाळी पुस्तकं, मंगळवारी सकाळी दात. बुधवारी वाचनालयात प्रकाशन होतं, आणि त्याच संध्याकाळी काका भाजलेलं कणीस खाणार होते. आठ महिने मऊ भात खाल्लेल्या माणसाला कणीस हे खाद्य वाटत नाही, ध्येय वाटतं. काकांच्या स्वप्नात कणसं यायची, ओळीने, सोललेली.

डॉक्टरांचं पुस्तक म्हणजे मुंगी नावाच्या चौदा वर्षांच्या गुप्तहेर मुलीच्या सात कथा. पेशंटच्या हिरडीत इंजेक्शन दिल्यावर ती बधिर व्हायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात डॉक्टर लिहीत. असं त्यांनी अकरा वर्षं लिहिलं. त्यामुळे मुंगी दर दहा मिनिटांनी मरणाच्या दारात जायची आणि पुढचा पेशंट येईपर्यंत तिथेच थांबायची.

त्याच आठवड्यात काकांकडे दुसरंही काम होतं. मधवाल्या बाई या पूर्वी भूमितीच्या शिक्षिका होत्या आणि आता मधमाश्या पाळत. त्यांनी मधमाश्या पाळण्याचं पुस्तक काढलं होतं. त्याच छापखान्यातलं, त्याच कागदावर, त्याच आकाराचं, प्रतीही तेवढ्याच, तीनशे. छापखान्यातून पुस्तक येतं ते मोठ्या कागदांनी. कागदाची घडी घातली की सोळा पानं होतात, त्याला फर्मा म्हणतात. फर्म्याच्या तळाशी बारीक आकडा असतो. एक ते नऊ आकडे क्रमाने लावायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा, की झालं पुस्तक. दोन्ही पुस्तकं नऊ-नऊ फर्म्यांची होती.

घड्या घालायचं काम काकूंकडे. गेली तीस वर्षं घड्या घालता घालता त्या समोर येईल ते पान वाचत आल्या होत्या. त्यामुळे त्यांना शेकडो पुस्तकं मधूनच माहीत होती. कोण कुणाचा काका, खून कुणी केला, लग्न झालं की मोडलं, हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. त्यांची त्याबद्दल तक्रार नव्हती. आयुष्यही आपल्याला मधूनच मिळतं, असं त्या म्हणत आणि चिकटवायची खळ ढवळत.

मुंगीच्या बाबतीत मात्र त्यांना शेवट हवा होता. मुंगी घड्याळाच्या मनोऱ्यावर चढली होती, तिच्या हाताला एक पेटी लागली होती, आणि आठवा फर्मा तिथेच संपत होता. सोमवारी दुपारी काकूंनी दोन्ही पुस्तकांचे नववे फर्मे घडी घालायला खिडकीपाशी नेले. डावीकडे मुंगी, उजवीकडे माश्या. घड्या संपल्यावर त्यांनी वरचा फर्मा वाचायला घेतला. खिडकीतून ऊन येत होतं, खळीचा आंबूस वास होता, काका आतल्या खोलीत पुठ्ठे कापत होते आणि कात्रीचा आवाज एकाच लयीत येत होता. दुसऱ्या ओळीला काकूंचा डोळा लागला.

स्वप्नात त्या स्वतःच मनोऱ्यावर होत्या. घड्याळाचे काटे जागच्या जागी तरंगत होते, खाली शहर कागदाच्या घडीसारखं दुमडलेलं होतं, आणि मुंगी त्यांचा हात धरून म्हणत होती, काकू, झाकण उघडू का? पेटीच्या आतून गुणगुण येत होती. सोनेरी, गोड, लांबून आल्यासारखी.

"अगं, नऊ नंबर दे," काकांनी हाक मारली.

काकूंनी अर्ध्या झोपेत दोन्ही गठ्ठे उचलले आणि नेऊन ठेवले. डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. काकांनी नेहमीप्रमाणे प्रत्येक प्रतीच्या तळावरून बोट फिरवलं. एक, दोन, तीन, नऊपर्यंत सगळे आकडे जागेवर होते. काका पुस्तकं वाचत नसत. ते फक्त मोजत, आणि मोजणी बिनचूक होती.

मंगळवारी सकाळी त्यांनी बाईंचे गठ्ठे त्यांच्या दारात उतरवले आणि मुंगीचे गठ्ठे घेऊन दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पुस्तक हातात घेतलं, वास घेतला, गालाला लावलं. मग काकांना खुर्चीत बसवून नर्सकडून डबी मागवली आणि कवळी बसवली.

"थोडी टोचेल. नवी टोचतेच. आता दहा मिनिटं दात घट्ट मिटून बसायचं. एक अक्षर बोलायचं नाही, नाहीतर बसणार नाही."

काकांनी मान हलवली. कवळी थोडी नाही, बरीच टोचत होती. पण कणसासाठी माणूस काय सहन करत नाही. डॉक्टरांनी डोळे मिटले आणि नर्सला म्हणाले, "शेवटची कथा वाचून दाखवा. काकांनाही ऐकू दे."

नर्स वाचू लागली. मुंगी मनोरा चढली. वारा सुटला. शत्रूची पावलं जिन्यावर वाजली. "मुंगीने थरथरत्या हातांनी पेटीचं झाकण उचललं आणि आत पाहिलं तर," नर्सने पान उलटलं, "राणीमाशी सुखरूप आहे की नाही, हे प्रथम पाहावे. घाई करू नये. धूर हळूहळू सोडावा."

काकांचे डोळे विस्फारले. ते खुर्चीत अर्धे उठले. नर्सने एका हाताने त्यांना खाली बसवलं आणि दुसऱ्या हाताने वाचणं चालू ठेवलं. माश्या अंगावर आल्या तरी हात झटकू नयेत. भीतीचा वास त्यांना येतो. संध्याकाळी पेटी हलवल्यास माश्या घर विसरत नाहीत.

डॉक्टरांनी डोळे उघडले. ते म्हणाले, "हे मी लिहिलं?"

नर्स म्हणाली, छापलंय तर तुम्हीच लिहिलं असणार.

"इंजेक्शनच्या वेळेत लिहिलेलं मला कधी आठवत नाही. पण काय शेवट आहे. शत्रू जिन्यावर आहे आणि ही पोरगी म्हणते घाई करू नये. अकरा वर्षं मी असा शेवट शोधत होतो."

काकांच्या मनात त्या दहा मिनिटांत फार मोठी उलथापालथ झाली. गप्प बसलं तर दात आपले. डॉक्टर खूश आहेत, उद्या प्रकाशन आहे, संध्याकाळी कणीस आहे. बोललो तर डॉक्टर कवळी काढून घेतील आणि तो त्यांचा हक्कच आहे. एका बाजूला तीस वर्षांचा धंदा, दुसऱ्या बाजूला बत्तीस दात. घड्याळ सरकत होतं. दहा मिनिटं झाली तशी काकांनी तोंड उघडलं आणि नव्या दातांनी पहिलं वाक्य बोलले.

"डॉक्टर, शेवटची सोळा पानं तुमची नाहीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. बोलताना प्रत्येक शब्दाला बारीक शिट्टी वाजत होती. सांगून झाल्यावर त्यांनी स्वतःच हनुवटी वर केली आणि तोंड उघडून बसले. काढून घ्या, असा त्याचा अर्थ होता.

डॉक्टर पुस्तकाकडे पाहत राहिले. चेहरा असा, जणू त्यांच्याच हिरडीत कुणी इंजेक्शन दिलं होतं. तेवढ्यात दार ढकलून मधवाल्या बाई आत आल्या. एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात डबी, आणि ओठ आत गेलेले.

"डॉक्टर, काल तुम्ही मला कुणाचे दात दिलेत?"

बाईंनी भूमितीच्या शिस्तीने मांडणी केली. कवळी वरून सैल, खालून घट्ट, म्हणजे ती त्यांच्या मापाची नाही. काल त्या आल्या तेव्हा डॉक्टर नर्सला हस्तलिखितातून मुंगीची पहिली कथा वाचून दाखवत होते. नर्सने कथेकडे कान आणि फळीकडे हात ठेवून डबी उचलली होती. फळीवर त्या दिवशी दोनच डब्या होत्या. एवढं सांगून बाईंनी सावकाश मान वळवली आणि खुर्चीत आ करून बसलेल्या काकांच्या तोंडात पाहिलं.

"ते माझे आहेत," त्या म्हणाल्या.

काकांनी तोंड मिटलं आणि लगेच पुन्हा उघडलं, कारण परक्याच्या वस्तूवर तोंड मिटणं त्यांना बरं वाटेना. नर्स भिंतीवरचं दंतमंजनाचं चित्र प्रथमच पाहिल्यासारखं पाहू लागली. डॉक्टरांनी दोन्ही कवळ्या औषधी पाण्यात टाकल्या आणि काकांना म्हणाले, "काका, मी तुम्हाला काय बोलणार."

"मी पण काही बोलणार नाही," काका म्हणाले. दात नसल्यामुळे ते फार मवाळ ऐकू आलं.

बाई मात्र गेल्या नाहीत. हातातलं पुस्तक त्यांनी टेबलावर ठेवलं. काका बोलणी खायला तयारच होते, पण बाईंचा आवाज अचानक उतरला. सकाळपासून त्या शेवटची सोळा पानं तीनदा वाचून बसल्या होत्या. त्या पानांत मधमाशी एकही नव्हती, याचा त्यांना राग यायला हवा होता, तो आला नव्हता.

"ती पोरगी मनोऱ्यावर चढली कशी," त्या म्हणाल्या, "तेवढं कुणीतरी मला सांगा."

प्रकाशन तीन दिवस पुढे गेलं. ते तीन दिवस डॉक्टर, बाई, काका आणि काकू एकाच टेबलाभोवती बसून सहाशे पुस्तकांची शिवण उसवत आणि पुन्हा घालत होते. डॉक्टर शिवायला चांगले निघाले, हाताला सवय होती. काका आपल्या स्वतःच्या दातांनी कणीस खात होते आणि मध्येच थांबून आकडे मोजत होते. खिडकीपाशी ऊन येई, तसे सगळेच हळूहळू गप्प होत.

शेवटी मोजणी झाली तेव्हा दोन्ही पुस्तकांच्या प्रती दोनशे नव्व्याण्णवच भरल्या. काकांनी पुन्हा मोजल्या. तेवढ्याच.

"दोन्हीत एकेक कमी आहे," ते म्हणाले.

काकू खिडकीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर मुंगीची एक न उसवलेली प्रत उघडी होती, नवव्या फर्म्यावर. तीस वर्षांत त्यांना पहिल्यांदाच एका गोष्टीचा शेवट मिळाला होता आणि तो बदलून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

"घाई करू नये," काकूंनी पान न सोडता सांगितलं, आणि डोळे मिटले.