शरणप्पा फोनला ‘न्हाई’ म्हणतो

मुलांनो, बसवकल्याणला आपल्या शेजारी राहणारा शरणप्पा फोननं काहीही विचारलं की ‘न्हाई’ म्हणतो. नवं अ‍ॅप परवानगी मागायला लागलं, की प्रश्न वाचायच्या आत त्याचं बोट नकारावर. टॉर्चच्या अ‍ॅपनं ठिकाण विचारलं तेव्हा तो माझ्याकडे तक्रार घेऊन आला. “काकू, दिवा लावायला माझा पत्ता कामून पायजे ह्याला?”

हवामानाच्या अ‍ॅपलाही तो गाव सांगत नाही. त्यामुळं त्याला बाराही महिने दिल्लीचं हवामान दिसतं. भर उन्हात घाम पुसत म्हणतो, “आज थंडी हाय, काकू. दिल्लीला.”

गंमत म्हणजे अ‍ॅप बनवणं हाच त्याचा धंदा. पुण्याची नोकरी सोडून तो वडिलांजवळ राहायला आला आणि घरूनच काम करतो. वडील, म्हणजे अप्पा, तापानंतर ठार बहिरे झाले. शरणप्पा मुळातच कमी बोलणारा. ओरडून बोलायची त्याला लाज. त्या आठवड्यात अप्पा मला म्हणाले, “बाई, पोरगं माझ्यासंग बोलतच न्हाई. रविवारी लेकीकडं सोलापूरला जायलाव. परत येत न्हाई.”

शरणप्पा त्यांच्यासाठीच एक अ‍ॅप करत होता. आपण आपल्या फोनवर बोलायचं, ते अप्पांच्या फोनवर लिहून येतं. पण दोन शब्द उमटले की ते बंद पडायचं. चूक शोधायला त्याच्याकडे संगणकावर एक साधन होतं. ते घरच्या वायफायवरून फोनमधल्या अ‍ॅपशी जोडलं जातं आणि कुठं अडलं ते दाखवतं. पण त्या साधनाला फोन सापडेचना. शरणप्पानं वायफायचा डबा आधी कपाटावर ठेवला, मग झोपाळ्याच्या कडीला टांगला.

शनिवारी शेंगाची चटणी द्यायला गेले, तर हा डोकं धरून बसलेला. मी चष्मा लावला आणि त्याच्या फोनची सेटिंग एकेक ओळ करून वाचायला घेतली. त्याच्या अ‍ॅपच्या नावाखाली ‘लोकल नेटवर्क’ समोरचं बटण बंद होतं. घरातल्या वायफायवरची इतर यंत्रं शोधायची परवानगीच नव्हती.

“हे बंद कामून रे?”

“पहिल्यांदा उघडलं तवा विचारलं असंल.”

“आणि तू?”

त्यानं जीभ चावली. “सवयीनं, काकू.”

बटण चालू केलं, संगणकाला फोन सापडला. संध्याकाळपर्यंत त्यानं चूक दुरुस्त केली आणि मला हाक मारली. अप्पा भरलेल्या पिशवीजवळ बसले होते. शरणप्पानं त्यांच्या हातात फोन दिला आणि स्वयंपाकघरात जाऊन आपल्या फोनवर बोलायला लागला.

अप्पांनी डोळे बारीक केले. “एवढी मोठी अक्षरं कामून काढलाय? मी बहिरा हाव, आंधळा न्हाई.”

मग त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवत ओळ वाचली. वाचून झाल्यावर त्यांनी फोन माझ्यापुढं धरला. “बाई, जरा वाचा बरं.”

मी मोठ्यानं वाचलं. “अप्पा, जाऊ नगा. तुमी गेल्यावर घरात कुणीच न्हाई मला.”

त्यांना ऐकू तर येणार नव्हतंच. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

“परत वाचा,” म्हणाले, आणि पिशवीतून आपलं धोतर बाहेर काढायला लागले.