तू मागून ये, मी जागा धरते!

जागा धरण्याच्या बाबतीत अख्ख्या अहमदपूर तालुक्यात मला तोड नव्हती! आता सत्तरी उलटली, जिना चढताना गुडघे माझ्याआधी बोलतात, तरी हे मी छाती ठोकून सांगते. आमच्या काळी लातूरची एसटी स्टँडात वळली रे वळली, की माझा रुमाल खिडकीतून सीटवर पडलेला असायचा. एकदा पडला की पडला! त्याला हात लावायची फौजदाराचीही टाप नव्हती. आणि गर्दी ओसरल्यावर दोघींच्या पिशव्या सांभाळत निवांत वर चढायची ती माझी मैत्रीण फरीदा. आमची गल्ली एक, शाळा एक, लातूरच्या डी.एड. कॉलेजची एसटीही एकच. "तू मागून ये, मी जागा धरते," हे मी तिला इतक्या वेळा म्हटलंय, की तिचा नवरा गफूर मास्तर हसून म्हणायचा, "वरती जातानाबी तुम्ही हेच सांगून जाणार!"

झालं उलटंच. मास्तरच आधी गेले. शिंपीकाम करायचे. "एकदा तुला समुद्र दाखवतो," असं बायकोला म्हणत म्हणत त्यांनी जन्मभर गावाचे सदरे शिवले. समुद्र राहून गेला.

म्हणून माझ्या लेकानं, बालाजीनं, मुंबईहून बोटीची सहल काढली तेव्हा मी अट घातली, "फरीदा येणार असेल तरच मी येते." बालाजीचं बी-बियाण्यांचं दुकान आहे. माल बक्कळ खपवला की कंपन्या दुकानदारांना बोटीवर फिरवून आणतात. तशा तीन-चार फेऱ्या झाल्यामुळे बोटवाल्यांनी त्याला सोनेरी कार्ड दिलेलं. एकदा सोबत गेलेली सून, उज्वला, चांदीची. आम्ही दोघी कोऱ्या!

फरीदाची मागणी एकच होती. "शिवकांते, बोट सुटताना किनारा मागं मागं जातो म्हणं. तेवढं बघायचंय मला. पण पाण्याचं लई भ्या वाटतं गं. तू हात धरून ऱ्हा, बास."

"हात काय घेऊन बसलीस! अख्खी तुला धरते!" मी म्हणाले.

बंदरात गेलो. बोट बघून माझी मानच दुखली. सगळा आडत बाजार माड्यांवर माड्या चढवून पाण्यात उभा केल्यासारखी! काउंटरवरच्या मुलीनं नियम सांगितला. सोनेरी कार्डवाले आधी चढणार, त्यांच्यासोबत एकच माणूस. मग चांदीवाले. उरलेले सगळ्यात शेवटी. आणि चौघांना एकत्रच जायचं असेल, तर चौघांनीही शेवटच्या रांगेत थांबायचं.

"थांबू की माय," बालाजी म्हणाला. "बोट काय आपल्याला टाकून जाती का?"

फरीदानंही मान हलवली, "हाव, थांबू. गप्पा मारू."

तेव्हाच थांबले असते तर! पण पुढच्या रांगेला लाल गालिचा अंथरलेला, आणि त्यावरून लोक भराभर वर निघालेले. माझ्या अंगात अहमदपूरचा स्टँड संचारला.

"अगं, हे लोक सगळ्या कडेच्या जागा पटकावतील! फरीदे, तू मागून ये, मी जागा धरते!"

"माय, बोटीत जागा धरत नसतेत," बालाजी म्हणाला.

"तू गप. तुझ्या जन्माआधीपासून धरतेय मी!"

जागा धरायचा एक कायदा असतो. ज्याची जागा, त्याची वस्तू. भांडण लागलं तर कंडक्टर आधी विचारतो, पिशवी कोणाची? म्हणून मी फरीदाच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली. मास्तरांनी रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेली, लांबून ओळखू येणारी.

"अगं, माझं समदं हाय त्यात!"

"मग तर कोणी हलवायचंच नाही!"

आणि मी बालाजीच्या मागे लाल गालिच्यावरून अशी चालले, जशी काही बोटीची चावी माझ्याच कनवटीला होती.

वरच्या गच्चीवर कठड्याला लागून दोन लांबलचक खुर्च्या मोकळ्या सापडल्या. समोर किनारा! एकीवर मी रुमाल टाकला, दुसरीवर फरीदाची पिशवी. बालाजीला जेवणाच्या हॉलमध्ये टेबल धरायला पिटाळलं. वाऱ्यानं पिशवी उडायला लागली, म्हणून वजनाला माझा फोनही तिच्यातच टाकला. डोकं बघा माझं!

इतक्यात हाफ चड्डीतले एक गृहस्थ आले. "ये कुर्सी खाली है?"

"आदमी आनेवाला है!"

"कहाँ है आदमी?"

"लाइन में है!"

त्यांनी गणवेशातल्या मुलीला बोलावलं. ती गोड आवाजात म्हणाली, "आजी, इथं अशी जागा राखता येत नाही."

"का येत नाही? पिशवी दिसत नाही का? बोलव तुझ्या साहेबाला!"

साहेब काही येईना. मग मीच त्या गृहस्थांना घेऊन साहेबाकडे गेले. रुमाल आणि पिशवी पहाऱ्याला ठेवली. साहेबाला एसटीचा सगळा कायदा समजावला. त्यानं शेवटी हात जोडले, आणि गृहस्थ कंटाळून पोहायच्या टाकीकडे निघून गेले. जिंकले! परत येऊन बघते तर रुमाल जागेवर, पिशवी गायब. मी खुर्च्यांखाली वाकून शोधायला लागले. पण तेवढ्यात भोंग्यातून आवाज आला, "फरीदा बेगम शेख, अहमदपूर, जिथे असाल तिथून तळमजल्यावर या!"

माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे फरीदा आली! वर येऊन पिशवीसुद्धा घेऊन गेली! मी नसताना येऊन गेली, आता खोलीची चावी घेऊन येईल. तोवर दोन खुर्च्या राखायला हव्यात. मी एकीवर बसले, दुसरीवर पाय पसरले, आणि कोणी जवळ आलं की खोकायला लागले.

खरा प्रकार मला नंतर कळला. बेवारस पिशवी म्हणून ती बोटीच्या पहारेकऱ्यांनी उचलून खाली नेली होती. बाहेरच्या कप्प्यातून डोकावणाऱ्या आधार कार्डावरचं नाव वाचून ते फरीदाला बोटीत हाका मारत होते, आणि फरीदा त्याच कार्डासाठी बाहेर फाटकावर अडकली होती! उज्वला आपली चांदीची रांग सोडून तिच्यापाशी थांबलेली. बालाजीचा फोन लागेना, म्हणून ती मला फोनवर फोन लावत होती, आणि खाली टेबलावर बेवारस पिशवी भजन म्हणत होती! चार पहारेकरी लांब उभे राहून एकमेकांना "तू उघड, तू उघड" करत होते. शेवटी एकानं धीर करून फोन उचलला.

"आत्याबाई, मावशींचं कार्ड तुमच्याकडं ऱ्हायलंय!" इकडून उज्वला.

"मैं आत्याबाई नहीं, सिक्युरिटी बोल रहा हूँ!"

मग पिशवी खाली फाटकाशी गेली. आत काय काय आहे ते फरीदाला सांगायला लावलं. जपाची तसबीह, गुळाचा खडा, डोळ्यांचे थेंब आणि मास्तरांचा फोटो. तेव्हा कुठं दोघींना बोटीत घेतलं, आणि त्या मला मजल्यामजल्यावर शोधत फिरल्या.

ही सगळी जत्रा खालच्या मजल्यांवर चाललेली असताना वर भोंगा झाला आणि बोट हलली. किनारा हळूच सुटला, मग मागं मागं जाऊ लागला. इमारती बोटाएवढ्या झाल्या. इतकं सुंदर, की मी शेजारी वळून म्हणालेही, "बघ, बघ फरीदे!"

शेजारी माझेच पाय होते.

उठून तिला शोधायला जावंसं वाटलं. पण उठले तर जागा जाईल! मी बसून राहिले. ते आठवलं की आजही घास गोड लागत नाही.

फरीदा उज्वलाच्या हाताला धरून वर आली, तेव्हा चारी बाजूंनी नुसतं पाणी होतं.

"किनारा कुठंय गं?" तिनं विचारलं.

"गेला."

ती उज्वलाचा हात सोडून पुढं आली. खुर्चीवर टेकली, पिशवीतून मास्तरांचा फोटो काढला, पाण्याकडं धरला आणि परत ठेवला. मग खुर्चीवर हात फिरवत म्हणाली, "जागा मातर झ्याक धरलीस, शिवकांते."

भांडली असती तर बरं झालं असतं.

परतताना पुन्हा तेच, सोनेरी कार्डवाले आधी उतरा! मी म्हणाले, "बालाजी, तू हो पुढं." शेवटच्या रांगेत फरीदाचा हात धरून उभी राहिले. किनारा जवळ येताना तिला दिसला होता, पण तो येणारा. जाणारा राहिलाच. मनाशी ठरवलं, आता या बाईला सोडून एक पाऊलही पुढं टाकायचं नाही!

लातूरला बालाजी आणि उज्वला दुकानाचा माल घ्यायला थांबले. आम्ही दोघी स्टँडवर आलो. अहमदपूरची गाडी वळली. क्लासची पोरं सुट्टीला घरी निघालेली, मुंग्यांसारखी दाराला लागली. खिडक्यांतून दप्तरं पडली, टोप्या पडल्या, एकानं तर बूट टाकला! मी फरीदाचा हात घट्ट धरून शांत उभी. सगळ्यात शेवटी दोघी एकत्र चढलो, आणि एकत्रच दांडा धरून उभ्या राहिलो.

अर्ध्या वाटेवरचं चाकूर आलं तरी उभ्याच. माझे गुडघे रडकुंडीला आलेले. फरीदानं हळूच कोपर मारलं.

"शिवकांते."

"काय गं?"

"येडे, रुमाल हितं टाकायचा व्हता!"