डबा बाहेर काढायचा नाही

विजेचं बिल, पाण्याचं बिल, फोनचं बिल, कुठलंही बिल माझ्यासमोर ठेवा, मी तुम्हाला त्याचा अर्थ उलगडून सांगेन. ही बढाई नाही. ऑफिसातली माणसं आपापली बिलं घेऊन माझ्या टेबलाशी येतात आणि मी चष्मा कपाळावर सरकवून त्यांना ती समजावून देतो. पुढे ते ती भरतात की नाही मला माहीत नाही, पण जाताना त्यांच्या चेहऱ्यावर समजल्याचा भाव असतो.

त्यामुळे आमच्या घरी कचऱ्याचं बिल आलं आणि बायकोनं ते मला न दाखवताच भरून टाकलं, तेव्हा मला लागलंच.

"मला दाखवायचंस तरी," मी म्हणालो.

"त्यात काय दाखवायचं? आलं, भरलं."

"अगं, बिल आधी समजून घ्यायचं असतं. भरणं नंतर."

"मग पुढच्या महिन्यापासून तुम्हीच समजून घ्या आणि तुम्हीच भरा," ती म्हणाली. "समजून घेतल्यानं कमी होत असेल तर मला आनंदच आहे."

"कमी कसलं, निम्मं करून दाखवतो!"

हे वाक्य मी बोललो तेव्हा माझ्या खुर्चीत बसलो होतो. ह्या खुर्चीबद्दल सांगायलाच हवं. ती माझ्या वडिलांची. तिच्या एका हाताचं कापड गेलंय, बैठकीतली एक स्प्रिंग वर आलीय, आणि नेमका कोन साधून बसलं नाही तर ती टोचते. वडिलांना तो कोन साधायचा. मलाही साधतो. घरात आणखी कुणालाच साधत नाही, म्हणून घरात आणखी कुणालाच ती नको आहे. पण मला मात्र दिवसभराचं सगळं तिच्यात बसल्यावर सोसतं. वडील गेल्यापासून तर जास्तच.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे.

"ठीक आहे. बिल निम्मं झालं तर ही खुर्ची राहील, मी परत विषय काढणार नाही. नाही झालं तर कचरा खात्याच्या अवजड सामानाच्या गाडीत जाईल."

"मंजूर," मी म्हणालो.

"मी साक्षीदार," आतून आमची मुलगी म्हणाली. ती कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. तिला असल्या वेळी बरोबर ऐकू जातं.

बिल तसं सोपं होतं. आमच्या भागात प्रत्येक घराला चाकांचा एक हिरवा डबा दिलेला आहे आणि डब्याच्या कडेत एक चिप बसवलेली आहे. आठवड्यातल्या दोन ठरलेल्या वारी सकाळी डबा रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवायचा. गाडी येते, तिचा लोखंडी हात डबा उचलून पोटात उपडा करतो, आणि तेवढ्यात चिप वाचून कुणाचा डबा उचलला त्याची नोंद होते. बिलात दोनच ओळी. पहिली 'स्थिर आकार'. तो तुम्ही महिनाभर गावाला गेलात तरी द्यायचा. दुसरी 'उचल आकार', म्हणजे डबा जितक्या वेळा उचलला तितके पैसे. मग तो काठोकाठ भरलेला असो की आत केळ्याचं एक साल असो.

म्हणजे निम्मं बिल करायचा मार्ग उघड होता. डबा बाहेर काढायचाच नाही!

घरात मी जाहीर केलं की इथून पुढे डब्याचं खातं माझ्याकडे, दुसऱ्या कुणी तिकडे फिरकायचं नाही. जुना कचरा घालवायला महिन्याच्या शेवटच्या वारी शेवटचा म्हणून डबा बाहेर नेला, तेव्हा त्याच्या मुठीला बायकोनं बांधलेली एक तांबडी चिंधी दिसली. शेजारच्या शिस्तकाकांचा डबाही आमच्या डब्याला चिकटूनच उभा असतो, म्हणून ओळखीसाठी बांधलेली. डबा आहे की प्रवासातली बॅग? मी ती सोडून खिशात टाकली. गाडी आली, दोन्ही डबे रिकामे करून गेली, आणि मी आमचा डबा घेऊन आत आलो. आतून तो इतका लख्ख निघाला की मी मनातल्या मनात गाडीवाल्यांना शाबासकी दिली.

शिस्तकाका म्हणजे निवृत्त शाळा तपासनीस. शाळा तपासायच्या राहिल्या नाहीत, म्हणून ते आता गल्ली तपासतात. त्याच सकाळी ते कुंपणापाशी उभे राहून मला म्हणाले, "गाडीवाल्यांना काही शिस्त राहिली नाही. धुतलेला डबा देतो, बघा कसा बरबटून परत दिलाय."

"आमचा तर चकाचक दिला," मी म्हणालो.

"तुमचं वजन असेल," ते म्हणाले. मला ते पटलं.

तर मोहीम सुरू झाली. पहिला आठवडा मजेत गेला. दुसऱ्या आठवड्यात डबा भरला. मग मी कचरा दाबायला लागलो. आधी काठीनं, मग पाटानं, आणि शेवटी जुने बूट घालून स्वतः डब्यात उतरून. एका सकाळी मी कमरेपर्यंत डब्यात उभा राहून उड्या मारत असताना कुंपणावरून शिस्तकाकांचं डोकं वर आलं.

"काय चाललंय?"

"व्यायाम," मी म्हणालो.

"रोज एकाच वेळी करत चला," ते म्हणाले आणि आपला डबा घेऊन बाहेर गेले. आमच्याकडे बायको डबा भरला तरच बाहेर काढायची, ते प्रत्येक वारी काढायचे. कचरा असो नसो. वार आला की डबा बाहेर. मला त्यांच्या बिलाची कीव यायची.

दाबून दाबून कचरा दगड झाला तेव्हा मी उरलेला ऑफिसला न्यायला लागलो. जेवणाच्या डब्याची मोठी पिशवी होतीच. तिच्यात खाली कांद्या-बटाट्याची सालं, वर डबा. ऑफिसात पोचलो की जिन्याखालच्या मोठ्या पिंपात हळूच रिकामी करायची. सगळं सुरळीत चाललं होतं, पण एक दिवस सकाळीच साहेबांनी मीटिंग लावली आणि पिशवी माझ्या टेबलाखालीच राहिली. नेमकी आदल्या दिवशीची माशाची डोकी होती तिच्यात.

दुपारपर्यंत वास सगळ्या मजल्यावर पसरला.

"उंदीर मेलाय," साहेब म्हणाले.

"भिंतीतच असणार," हिशेबनीस बाई नाकाला पदर लावून म्हणाल्या.

साहेबांनी चौफेर पाहिलं आणि त्यांची नजर माझ्यावर थांबली. "तुम्ही जबाबदार माणूस आहात. उंदीर शोधायचं काम तुमच्याकडे."

दुपारभर मी पुढे आणि शिपाई मागे, असे आम्ही कपाटं सरकवत हिंडलो. मी पिशवी काखेत धरूनच शोधत होतो, त्यामुळे जिथे जाऊ तिथे शिपाई म्हणायचा, "इथेच आहे साहेब, इथे वास जास्त येतोय." शेवटी भिंतीचा एक कोपरा फोडायचं ठरलं. फोडलाही. संध्याकाळी पिशवी घेऊन मी घरी गेलो तसा वास गेला, आणि भिंत फोडल्यामुळेच गेला असं साहेबांनी सगळ्यांना सांगितलं. मला प्रशस्तिपत्रक देण्याचं चाललं होतं, मी नम्रपणे नको म्हटलं.

एवढं सोसलं ते खुर्चीसाठी. रोज संध्याकाळी तिच्यात बसून मी तिच्या फाटक्या हातावर थोपटायचो. "बस, महिनाअखेरपर्यंत," असं म्हणायचो.

महिनाअखेर बिल आलं. मी ते सगळ्यांसमोर उघडलं. त्याआधी चष्मा कपाळावर सरकवला.

बिल दुप्पट होतं.

"समजलं का?" बायकोनं विचारलं.

"छपाईची चूक आहे."

"तुम्ही दोनदा वाचा. समजून घ्या."

मी चारदा वाचलं. उचल आकार, उचल आकार, उचल आकार. जो डबा मी पावलानं दाबत बसलो होतो तो म्हणे प्रत्येक वारी उचलला गेला होता. मुलीनं अवजड सामानाच्या गाडीचा फोन नंबर शोधून ठेवला होता, पण मी एका महिन्याची मुदत मागून घेतली. बायकोनं दिली. तिला खात्री असली की ती उदार होते.

दुसऱ्या दिवशी शिस्तकाका कुंपणापाशी बिल फडकवत उभे. "उचल आकार शून्य! फक्त स्थिर आकार!"

"अहो, पण तुम्ही तर प्रत्येक वारी डबा बाहेर काढता."

"म्हणूनच!" काकांनी बोट वर केलं. "नियमितपणाची सूट आहे ती. सरकारला सगळं दिसतं. जो नेमानं डबा बाहेर काढतो त्याला माफ, आणि जो घरात तुंबवून ठेवतो त्याला दंड. तुमचं किती आलं?"

मी आकडा सांगितला नाही. पण ते सगळं मला लख्ख पटलं. माझं समजण्यातच चुकलं होतं. बिल कमी करायचं तर डबा जास्त वेळा बाहेर काढायला हवा होता!

पुढचा महिना मी काकांच्याही वरताण वागलो. प्रत्येक वारी डबा बाहेर. शिवाय शनिवारी एक जादा फेरी असते, हवी त्यानं घ्यावी, तिचा दर दामदुप्पट. काका जादा फेरीला डबा काढत नसत, म्हणून मी हटकून काढायचो. एका शनिवारी घरात कचराच नव्हता. मी मुलीच्या पेन्सिलीला टोक करून तो भुसा डब्यात टाकला आणि डबा डौलानं रस्त्यावर नेऊन ठेवला. गाडीवाल्यानं डब्यात डोकावून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला हात केला.

महिनाअखेर बिल आलं. जेवढं गेल्या वेळी होतं तेवढंच. पैचाही फरक नाही.

मी खुर्चीत बसलो. कोनसुद्धा साधला नाही, स्प्रिंग टोचली. एवढ्यात शेजारून आरोळी आली आणि शिस्तकाका बिल घेऊन थेट आमच्या घरात शिरले. चपला न काढता. त्यावरून प्रसंग किती गंभीर आहे ते कळलं.

"शनिवार!" ते म्हणाले. "माझ्या बिलात सगळे शनिवार लावलेत. मी आयुष्यात शनिवारी डबा काढलेला नाही!"

काकांनी तक्रार केली. तपासनिसाची तक्रार, त्यामुळे दुसऱ्याच दिवशी कचरा खात्याचे एक पर्यवेक्षक हातात छोटं यंत्र घेऊन हजर झाले. दोन्ही डबे अंगणात शेजारीशेजारी उभे केले. आम्ही सगळे भोवती जमलो. पर्यवेक्षकांनी माझ्या डब्याला यंत्र लावलं. टुक असा आवाज आला.

"हा डबा यांचा," त्यांनी काकांकडे बोट केलं.

मग काकांच्या डब्याला लावलं. टुक.

"आणि हा तुमचा. बिलं बरोबर आहेत. डबे चुकलेत."

मग बायकोनं अगदी हळू आवाजात विचारलं, "मुठीला चिंधी होती, ती कुठे गेली?"

मी खिशात हात घातला. तीच पँट होती. चिंधी निघाली.

पण त्याच क्षणी माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "थांबा! म्हणजे पहिल्या महिन्यात मी डबा काढलाच नाही हे खरं ना? म्हणजे माझं बिल फक्त स्थिर आकाराचं! निम्म्याहून कमी! म्हणजे मी जिंकलो!"

"जिंकलात की," बायको म्हणाली. "काकांसाठी."

"आई 'बिल निम्मं झालं तर' म्हणाली होती," मुलगी म्हणाली. "आणि आपल्या घरी बिल दुप्पट आलं. मी साक्षीदार." तिला कायद्याला घातलं तेव्हा मला वाटलं होतं, घरात कुणीतरी माझ्या बाजूनं बोलेल.

पर्यवेक्षक म्हणाले की झालेली उचल परत फिरवता येत नाही, आपसात मिटवा. काकांनी तिथेच उभ्या उभ्या हिशेब मांडला आणि प्रामाणिकपणे कबूल केलं की दोन महिने मिळून तेच मला थोडं देणं लागतात. मग त्यांची नजर आमच्या उघड्या दारातून आत गेली.

"ती खुर्ची टाकणार आहात म्हणे? अवजड सामानाच्या गाडीचा आकार फार आहे. मीच घेऊन जातो. तुमचे पैसे वाचले, माझं देणं फिटलं."

मी बायकोकडे पाहिलं. मला वाटलं, ती आता तरी नको म्हणेल. ती आत गेली आणि खुर्चीवर फडकं मारायला लागली.

खुर्ची आम्ही दोघांनी उचलून काकांच्या व्हरांड्यात ठेवली. काका तिच्यात बसले. मी वाट पाहत होतो, आता टोचेल, आता ओरडतील. पण त्यांना तो कोन पहिल्याच बैठकीला साधला! वडिलांना साधायचा, अगदी तसा. मागून बायको आली. तिनं माझ्या हातातली तांबडी चिंधी घेतली आणि खुर्चीच्या फाटक्या हाताला घट्ट बांधली.

"असू दे," ती म्हणाली. "आपली आहे एवढं ओळखू येईल."

कचऱ्याचं बिल आता तीच भरते. आलं, भरलं. मी रोज संध्याकाळी काकांच्या व्हरांड्यात जातो. ते खुर्चीत बसतात, मला स्टूल देतात. मग चष्मा कपाळावर सरकवून ते मला त्यांचं विजेचं बिल समजावून सांगतात, आणि मी समजल्याचा भाव चेहऱ्यावर आणून घरी येतो.