बिनमिठाच्या उपम्याचं प्रकरण

भालकीच्या बसस्टँडमागे राहणारे पंचाक्षरी स्वतःची ओळख करून द्यायला लागले की ऐकणाऱ्याने आधी बसून घेतलेलं बरं. ‘कृष्णेपासून मांजरेपर्यंतचा एकमेव खाजगी गुप्तहेर’ अशी सुरुवात व्हायची. मग ते निवृत्त कंडक्टर असल्याचं कळायचं आणि माणसाच्या नुसत्या मानेवरून त्याने तिकीट काढलंय की नाही हे ते कसं ओळखत, याचे किस्से निघायचे. हुमनाबादच्या घाटात त्यांनी बिनतिकीट म्हणून ज्याला खाली उतरवलं तो ड्रायव्हर निघाला आणि बस तिथेच उभी राहिली, हा किस्सा मात्र ते सांगत नसत.

दारावर त्यांनी कानडीतली ‘पत्तेदार’ ही पदवी नागरी अक्षरांत रंगवून घेतली होती. कानडीत पत्तेदार म्हणजे गुप्तहेर. भालकीत त्यामुळे काही लोक पत्ता विचारायला येत आणि काही पत्ते खेळायला. अशील म्हणून कोणी येत नसे.

धुळाप्पा हा त्यांचा सहायक. बाजूलाच त्याचं सायकलपंक्चरचं दुकान होतं. गावात मोटारसायकली वाढल्या, तसा धुळाप्पा रिकामा होत गेला आणि पंचाक्षरींच्या तावडीत सापडला. अण्णांना, म्हणजे पंचाक्षरींना, न्हाई म्हणायचं त्याच्या जिवावर यायचं. एवढ्या एका गुणावर त्याची नेमणूक झाली होती.

दोन हजार सातच्या वैशाखात पुण्याहून रविकुमारचा फोन आला. तो मूळचा खटकचिंचोळीचा, आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत. त्याची आई रत्नम्मा अंगणात पडली, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर पुण्यातल्या चौथ्या मजल्यावर दिवसभर तिच्याजवळ बसणार कोण, म्हणून त्याने तिला भालकीतल्या डॉक्टर शैलश्रीबाईंच्या छोट्या नर्सिंग होममध्ये ठेवलं होतं. तिथे म्हाताऱ्या माणसांना जास्त दिवस ठेवून घेत. आता त्याला काळजी लागली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो फोन करी तेव्हा आई घाईघाईने “बरं हाय, ठेव” एवढंच म्हणे. परवा तर मागून कोणीतरी मोठ्याने ‘सावधान’ असं ओरडलं आणि फोन बंदच झाला. तिथे आईची नीट देखभाल होते का, हे कुणाला न कळता बघा, असं त्याचं म्हणणं. काही काळंबेरं असेल तर आईला लगेच पुण्याला नेईन आणि त्या बाईंच्या दवाखान्याला कुलूप लावायला लावीन, असंही तो म्हणाला.

पंचाक्षरींनी डोळे मिटले. “सावधान. म्हणजे पहारा हाय,” ते म्हणाले. “धुळाप्पा, तू आजारी हायस.”

धुळाप्पाला काहीच झालं नव्हतं. तेव्हा त्याची वाचा गेलीय असं ठरलं, म्हणजे त्याच्या तोंडून गुपित फुटायची भीती नाही. पंचाक्षरी त्याचे थोरले भाऊ झाले, डॉक्टरबाईंसमोर डोळ्याला रुमाल लावून त्यांनी त्याला भरती केलं आणि जाता जाता त्याच्या कानात पुढच्या सूचना पुटपुटले. धुळाप्पाला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही.

शैलश्रीबाई बारीक चणीच्या आणि फार कमी बोलणाऱ्या. त्यांनी धुळाप्पाचा घसा बघितला, जीभ बघितली, काही सापडेना म्हणून कानात बत्ती घातली आणि थांबल्या. मग कोमट पाण्याची पिचकारी मारून त्याच्या कानातून त्यांनी जे काढलं ते बघून नर्ससुद्धा मागे सरली. धुळाप्पाला एकाएकी पंख्याचा आवाज आला. रस्त्यावरचा भाजीवाला ऐकू आला. अण्णा आपल्याशी एवढं ओरडून कामून बोलतात, हे कोडं त्याला इतक्या वर्षांनी सुटलं.

“दुखलं का?” बाईंनी विचारलं.

असं त्याला बऱ्याच वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तो बोलायच्या बेतात होता, पण आपली वाचा गेल्याचं त्याला वेळेवर आठवलं.

चादर धुतलेली होती. नर्सने त्याची नखं काढली. एकच गोष्ट वाईट, ती म्हणजे उपमा. त्यात मीठ नव्हतं, तिखट नव्हतं, आणि बघायला गेलं तर उपमाही नव्हता. धुळाप्पाने कसाबसा घास गिळला. समोरच्या खाटेवरच्या रत्नम्माने आणि तिच्या शेजारच्या शरणम्माने आपापल्या ताटल्या हात न लावता सरकवून दिल्या. दोघीही चांगल्या गुटगुटीत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचाक्षरी ‘भावाला’ भेटायला आले. परतणाऱ्या भरल्या ताटल्या त्यांनी बघितल्या. पेशंटांना उपाशी मारतात, हा त्यांचा पहिला सिद्धान्त. मग त्यांची नजर रत्नम्माच्या दंडाकडे गेली आणि सिद्धान्त मोडला. उपाशी माणूस लठ्ठ कसा होईल? तर सलाईनमधून. सलाईनमधून इथे तूप देतात, हा दुसरा सिद्धान्त. पेशंट तंदुरुस्त दिसला की दवाखान्याचं नाव होतं. तेवढ्यात रत्नम्माच्या उशीखाली त्यांना पिवळे-लाल तांदळाचे दाणे दिसले आणि त्यांचा चेहरा उतरला. ही करणी आहे, असं ते धुळाप्पाच्या कानात म्हणाले. आता धुळाप्पाला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. “या बावळटाला आणण्यापेक्षा मी एकटाच आलो असतो तर बरं होतं,” असं ते जाता जाता स्वतःशी पुटपुटले, तेही त्याला ऐकू आलं.

त्या दुपारी उलगडा झाला, आणि तो एकट्या धुळाप्पाला झाला. ताटल्या परत गेल्या, बाई जेवायला घरी गेल्या, तशी रत्नम्मा उठून बसली. ट्रंकेतून तिने इरकल लुगडं काढलं. शरणम्माने केसांत गजरा खोवला. सगळे पेशंट मुकाट्याने तयार झाले. रत्नम्माने काठी घेतली आणि धुळाप्पाकडे बघितलं.

“मुका हायस. सांगणार न्हाईस कुणाला. चल,” ती म्हणाली.

मागचं दार उघडंच होतं. बोळाच्या पलीकडे कल्याण मंटप, आणि वैशाख असल्याने तिथे रोज लग्न. आज उदगीरच्या नवऱ्या मुलाचं होतं. मंगलाष्टकं संपत आली होती. सगळ्यांनी ‘सावधान’वर अक्षता टाकल्या, रत्नम्मानेही टाकल्या, आणि मंडळी थेट पंगतीला बसली. धुळाप्पाला वांग्याची भाजी, बुंदी आणि लोकांनी हात धरून केलेला आग्रह मिळाला. वाढपी रत्नम्माला अक्का म्हणून जास्तीचं तूप वाढत होता. नर्सही ठेवणीतली साडी नेसून पंगतीत बसली होती आणि शरणम्माला मधुमेह असल्याने तिच्या पानातली बुंदी न बोलता आपल्या पानात ओढत होती.

संध्याकाळी पंचाक्षरी आले तेव्हा धुळाप्पाने वाचा गेल्याचा नियम पाळून खुणांनी सांगायचा प्रयत्न केला. त्याने तोंडाकडे हात नेला. ‘विष’, पंचाक्षरी म्हणाले. त्याने डोक्यावर तांदूळ टाकल्यासारखं केलं. ‘डोक्यात मारतात.’ मग त्याने दोन्ही हात लांबवून समोरच्याला हार घातला. पंचाक्षरी घाबरून मागे सरले आणि ‘गळा दाबतात’ एवढं म्हणून फोन करायला पळाले. बाकीचे सगळे तेव्हा घोरत होते, धुळाप्पा तोंडाने सांगू शकला असता. पण सांगितलं तर उद्याची पंगत बुडणार होती. तो कूस बदलून झोपला.

रविकुमार रात्रभर बसमध्ये बसून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. पंचाक्षरी त्याला घेऊन आत शिरले, तर सगळ्या खाटा रिकाम्या. पंचाक्षरींनी कपाळ धरलं आणि सगळ्यांना पळवून नेल्याचं जाहीर केलं. मग दोघेही पोलिसांना आणायला म्हणून मागच्या दाराने धावत सुटले, कारण पुढचं दार कुठे आहे हेच त्यांना आठवेना.

धुळाप्पा तेव्हा जिलेबीवर होता. मंटपात धापा टाकत शिरलेले अण्णा त्याला दिसले आणि त्याने मान खाली घातली. पंचाक्षरींना तो दिसला नाही. त्यांना आधी दिसली त्यांची बायको जगदेवी. तिला खरंच आमंत्रण होतं. म्हातारे पेशंट नाहीसे झालेत, पोलिस बोलवायचेत, असं त्यांनी तिला हातवारे करत सांगितलं. ती शांतपणे पापड मोडत होती.

“ती काय माझ्या शेजारी बसलीत,” ती म्हणाली. “कालच्या लग्नातबी हीच होती.”

रविकुमार आईसमोर उभा राहिला. त्याने तिला शेवटचं बघितलं होतं ते ऑपरेशननंतर, चादरीत घालून इथे आणताना. रत्नम्माने त्याला बघितलं, लुगडं सावरलं आणि काठी पानाशेजारी तशीच ठेवून ती उठली. चार माणसांना वळसा घालून ती लेकाकडे चालत आली आणि तिने त्याच्या दंडाला धरलं.

“उपाशी आलायस न्हाई का? बस.”

तो तिच्या पायांकडे बघत राहिला.

एवढ्यात शैलश्रीबाई आल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. व्हरांड्यात चाला म्हटलं की सगळ्यांचे पाय दुखतात, त्या म्हणाल्या, आणि भाजीच्या वासावर मात्र पायऱ्या उतरतात. म्हणून दार उघडं ठेवलं आणि नर्सला बरोबर पाठवलं. “उपम्यात मीठ घातलं तर कोण चालेल?”

रविकुमारने विचारलं की आई, पुण्याला येतेस का. ती म्हणाली, आषाढ लागल्यावर बघू, सध्या मुहूर्त फार आहेत. “आन् दुपारी फोन करू नको. मला ऐकू येत न्हाई तिथं.”

धुळाप्पाने जगदेवीकडे पान सरकवून “वैनी, मीठ द्या” म्हटलं. शरणम्मा दचकली आणि नर्सने बाईंकडे बघितलं. बाई फक्त म्हणाल्या की घशाला आराम पडलेला दिसतो.

पंचाक्षरी मात्र सावरले होते. माणसं याच आवारात असणार हा आपला अंदाज होताच, असं ते रविकुमारला पटवत होते. तेवढ्यात गुलाबी फेटा बांधलेला एक गृहस्थ पुढे आला आणि हात जोडून विचारता झाला, की आपण कुणाकडचे?

पंचाक्षरींनी त्याच्या मानेकडे निरखून बघितलं. हा नक्की मुलीकडचा, त्यांनी ओळखलं.

“आम्ही मुलाकडचे,” ते भारदस्तपणे म्हणाले.

“मुलाचा बाप मीच हाय,” गृहस्थ म्हणाला.

गृहस्थाने पंगतीवरून नजर फिरवली. गजरे घातलेल्या म्हाताऱ्या, एका हाताला पट्टी, एका नाकात नळी, आणि आईशेजारी डोळे पुसत बसलेला एक परका तरुण. मग तो मागे वळला.

“अरे, आपल्याकडच्या मंडळींना जिलेबी कमी पडलीय,” त्याने वाढप्याला सांगितलं. “आण इकडं.”